शेवटच्या दिवसाचा अहवाल

अहवाल वाचायला उभे राहिले की सर आधी चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, पुन्हा घालायचे आणि म्हणायचे, "जे झालं ते लिहिलंय. राग मानू नये."

तुम्ही शिक्षक असाल तर अहवाल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. नसाल तर सांगतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणात रोज सकाळी प्रार्थना झाली की आदल्या दिवशीचा अहवाल एखादा प्रशिक्षणार्थी वाचून दाखवतो. त्यात सोनेरी पहाट उगवते, ज्ञानाची गंगा वाहते, तज्ज्ञांच्या ओघवत्या वाणीने सगळे भारावून जातात आणि रुचकर भोजनाचा आस्वाद घेतला जातो. शेवटी चारोळी असते. टाळ्या पडतात.

नव्वदच्या दशकात नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका शाळेत आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासाची प्रशिक्षणं व्हायची. मी संयोजक होतो. सर हरसूलच्या शाळेत इतिहास शिकवायचे, मूळचे सायखेड्याचे. दुसऱ्या कोणी हात वर करण्याआधी ते अहवालाचं काम मागून घ्यायचे. पहिल्या वर्षी मला बरं वाटलं. सहसा कोणी तयार होत नाही.

त्यांचा पहिला अहवाल मला अजून आठवतो. "दहाची वेळ होती. मार्गदर्शक अकरा वाजता आले. इतिहास म्हणजे सनावळ्या नव्हेत, असे ते म्हणाले. त्यानंतर जेवणापर्यंत त्यांनी सनावळ्या सांगितल्या. मठ्ठा पातळ होता. मीठ बरोबर होतं."

सभागृहात कोणी हसेना. मार्गदर्शक समोरच बसले होते.

माझ्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "संयोजकांनी 'थोडक्यात सांगतो' असे म्हणून सुरुवात केली. मध्ये ते पुन्हा 'थोडक्यात सांगतो' म्हणाले, तेव्हा पंखा बंद पडला व काही जण जागे झाले." मी त्या दिवसापासून 'थोडक्यात' हा शब्द वापरलेला नाही. भाषणं तेवढीच लांब राहिली.

मालेगावच्या एक बाई त्यांची फार थट्टा करायच्या. एकदा चहाच्या वेळी म्हणाल्या, "सर, तुमच्या अहवालाच्या धाकाने मी आज दुपारी डोळा मिटला नाही."

"तसं लिहू का, बाई?"

"लिहा की! आमच्या हेडमास्तरांना दाखवीन."

त्यांनी लिहिलं. 'धाकाने' या शब्दासकट.

मी एकदा त्यांना विचारलं, "सर, जरा गोड लिहिलं तर काय बिघडेल?"

ते म्हणाले, "उद्या कोणी विचारलं, नाशकात इतिहासाच्या मास्तरांना काय शिकवलं, तर त्याच्या हाताला हाच कागद लागणार. सोनेरी पहाट घेऊन तो काय करील?"

मी हो म्हटलं. माणूस हो म्हणतो आणि आपलंच करतो.

एका वर्षी जंगल सत्याग्रह हा विषय होता. तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण. सर म्हणाले, "आमच्याकडे पाड्यावर एक आजोबा आहेत. पोरवयात त्यात होते. आता कान गेलेत, पण बोलतात. यंदा ऐकून घेऊ. पुढच्या वर्षाचा भरवसा नाही." मी दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली.

सर स्वतः एसटीने त्यांना घेऊन आले. धुतलेला सदरा, डोक्याला फडकं. नेमके त्याच वेळी जिल्हा शिक्षण कार्यालयातले साहेब सदिच्छा भेटीला आले. त्यांचं स्वागत झालं, मग ते दोन शब्द बोलले. ते दोन शब्द संध्याकाळपर्यंत चालले. हरसूलची शेवटची गाडी निघून गेली. आजोबांना शाल-नारळ देऊन मी कार्यक्रम संपवला. ते एक शब्दही बोलले नव्हते.

साहेब दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायला येणार होते. म्हणजे अहवाल त्यांच्यासमोर वाचला जाणार. मी सरांना बाजूला घेतलं.

"सर, उद्या एवढं वाक्य घाला. 'आजोबांनी अनमोल मार्गदर्शन केले.'"

"ते बोलले नाहीत."

"साहेबांचा मान आहे. पुढचं प्रशिक्षण मिळायचं आहे आपल्याला."

त्यांनी चष्मा पुसला. "घालतो," म्हणाले.

सकाळी साहेब पहिल्या रांगेत बसले. सरांनी अहवाल वाचला. साहेबांचं भाषण कधी सुरू झालं, कधी संपलं, तेही आलं. मग सर थांबले आणि त्याच आवाजात म्हणाले, "येथे संयोजकांच्या विनंतीवरून एक वाक्य घातले आहे. ते असे. आजोबांनी अनमोल मार्गदर्शन केले. वाक्य संपले."

माझे कान तापले. तेवढ्यात मालेगावच्या बाई मागच्या रांगेत कोणाच्या तरी कानाशी वाकून मोठ्याने ते वाक्य पुन्हा सांगताना दिसल्या. मला वाटलं होतं, आजोबा पहाटेच्या गाडीने गेले असतील. ते मागे गादीवर, शाल पांघरून बसले होते.

"म्या?" आजोबा म्हणाले. "म्या कवा बोललो? मला कोनी इचारलंच नाय."

आता हसू आवरेना कोणाला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता. "मग आता बोला, बाबा," असं ते जवळ जाऊन म्हणाले.

आजोबा उठले. "गवत कापाया गेलो. गाय भुकी व्हती. शिपायानं कोयता घेतला. माज्या बापाचा कोयता. तो अजून दिला नाय." मग साहेबांकडे हात पुढे करून म्हणाले, "आनलाय का?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे.

"बाबा, ते आमचं खातं नाही," साहेब म्हणाले. "जंगल खात्याकडे अर्ज करावा लागेल."

"अर्ज कशापाय? कोयता माजाच हाय."

हात थोडा वेळ तसाच राहिला. कोणी हसत नव्हतं.

दुपारी आजोबांना गाडीत बसवून सर परत आले. आम्ही दोघं रिकाम्या सभागृहात सतरंज्या गुंडाळत होतो. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण तेच आधी बोलले.

"पाड्यावर त्यांनी मला विचारलं होतं, सरकारी माणसं कोयता देतील का? मी नाही म्हणालो नाही. म्हणालो असतो तर ते आले नसते."

मी विचारलं, "हे अहवालात येईल?"

"शेवटच्या दिवसाचा अहवाल नसतो, सर. वाचायला दुसरा दिवस नसतो." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. हातात वाचायला काही नव्हतं.

त्यानंतर त्यांनी अहवालाचं काम कधी मागितलं नाही. सोनेरी पहाट परत आली. पुढे निवृत्त होऊन ते सायखेड्याला गेले आणि काही वर्षांनी तिथेच वारले. मला उशिरा कळलं. मी अजून प्रशिक्षणांना जातो. सकाळी अहवाल सुरू झाला की खाली बघतो.

तो एक दिवस वाचायचा राहिला आहे. वाचतो.

तिसरा दिवस. साहेब वेळेवर आले. आजोबा बोलले. कोयता मिळाला नाही. संयोजकांनी एक वाक्य जास्तीचं घातलं होतं. सरांनी एक वाक्य सांगितलं नव्हतं. मठ्ठा बरा होता.

जे झालं ते लिहिलंय. राग मानू नये.