दुखून राहिलं

पुण्याच्या शाळेत अठरा वर्षं मराठी शिकवून सुप्रभा केळकर नवऱ्यामागोमाग साउथहॅम्प्टनला आल्या आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांचा मराठी वर्ग घेऊ लागल्या. फळ्याच्या उजव्या बाजूला कायम एक यादी असे: 'असे बोलू नये.'

२००५च्या हिवाळ्यात त्या यादीत नऊ वर्षांच्या वरदाचं वाक्य गेलं. तिचं घर नागपूरचं. खिडकीशी उभी राहून ती आईला फोनवर म्हणाली होती, "मी खेळून राहिली."

"'मी खेळतेय' म्हणायचं," बाईंनी बजावलं. त्यानंतर तीन रविवार वरदानं वर्गात मराठीचा शब्द काढला नाही.

चौथ्या रविवारी तिची आजी लीलावतीबाई कोट न काढताच फळ्यापाशी आल्या. "बाई, आमच्याकडे वकील असंच बोलतात, डॉक्टरही असंच बोलतात. तुम्ही हवं तर 'नको' म्हणा. पण आम्ही बोलतो, हे तर खरं आहे ना?"

सुप्रभाबाईंना राग आला. तो बसमध्येही उतरला नाही. रात्रीचा स्वयंपाक करताना मात्र लक्षात आलं, की नागपूरकर नेमकं कसं बोलतात हे आपण आजवर कुणाला विचारलंच नाही. पुढच्या रविवारी त्यांनी यादी पुसली. "घरी कोण काय बोलतं, ते जसंच्या तसं लिहून आणा," त्यांनी मुलांना सांगितलं. "गाव कुठलं, अर्थ काय, तेही लिहा." लीलावतीबाई दर आठवड्याला येऊन आपल्याकडचे शब्द सांगू लागल्या. दोघींची गट्टी जमली.

मार्चमध्ये वर्गातच लीलावतीबाईंना घाम फुटला. सुप्रभाबाई त्यांना घेऊन इस्पितळात धावल्या. तिथला तरुण डॉक्टर अनय मुंबईचा निघाला.

"आजी, छातीत दुखतंय का?"

"आता दुखून राहिलं," त्या कशाबशा म्हणाल्या.

'राहिलं' म्हणजे थांबलं असं समजून अनय नर्सकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "दुखायचं थांबलंय. थोडा वेळ बाहेर बसू देत."

"थांबलेलं नाही!" सुप्रभाबाईंचा आवाज शाळेतल्यासारखा चढला. "'दुखून राहिलं' म्हणजे या क्षणाला दुखतंय, डॉक्टर. नागपूरकडे असंच बोलतात."

"तुम्ही नागपूरच्या?"

"नाही, सदाशिव पेठेतली. पण यांच्याकडून शिकले."

अनयनं लगेच ईसीजी काढायला लावला. हार्ट अटॅकच होता. वेळेत उपचार झाले आणि बाराव्या दिवशी लीलावतीबाई घरी आल्या. अनय मुद्दाम भेटायला गेला आणि त्यांची माफी मागून पोटभर झुणका-भाकरी जेवून आला.

जूनमध्ये इस्पितळानं आपल्या दुभाष्यांपुढे गावोगावच्या बोलींविषयी बोलायला सुप्रभाबाईंना बोलावलं. त्या एकट्या गेल्या नाहीत. शेजारच्या खुर्चीकडे हात करून त्यांनी भरल्या हॉलला सांगितलं, "या लीलावतीबाई. माझ्या शिक्षिका."

पहिल्या रांगेत बसलेल्या वरदानं सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली.