महबूल्यात मापलेला आगगाडीचा डबा

त्या जर्मन डब्याच्या प्रत्येक खिडकीला मी चार आडवे गज काढले होते. लहान मुलाचं डोकं बाहेर जाणार नाही अशा बेताने दोन गजांमधलं अंतरही लिहिलं होतं. आगगाडीची खिडकी म्हटल्यावर हात आपोआप तसा चालला. आमच्या जर्मन साहेबांनी ड्रॉइंगमधल्या गजांवर बोट ठेवलं.

"यातून कैदी न्यायचेत का?"

"नाही सर. गाडी थांबली की बाहेरून हात घालून कुणी गळ्यातलं ओढू नये म्हणून."

"कोण ओढणार? त्या स्टेशनांवर उभं राहायलाच कुणी नसतं."

दुखणं तेच होतं. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. इकडे आखातात, राई नावाच्या औद्योगिक भागात, बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. जुनी बस हाडांपर्यंत सोलून नवी करण्यात आमचा हात बसलेला, म्हणून साहेबांनी आपल्या मुलखातल्या एका छोट्या रेल्वेचं काम ओढून आणलं होतं. एक ब्रँच लाइन, डिझेलवर चालणारे जुने डबे आणि दर वर्षी कमी होणारी माणसं. आधी नमुन्याचा एक डबा नवा करायचा. त्यानं माणसं परत आली, तर बाकीच्या डब्यांचं कामही आमच्याकडे. नाही आली, तर ती लाइन बंद आणि आमचं ड्रॉइंग ऑफिसही बंद. हे मुदीरने, म्हणजे आमच्या अरब मॅनेजरने, मला चहा पाजून सांगितलं. वाईट बातमी असली की तो चहा पाजायचा.

ऑफिस गेलं की माझा हुद्दा जाणार, आणि बायको-मुलीचा अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, त्या हुद्द्यालाच टांगलेला. तेव्हापासून मी रोज सकाळी देवापुढे उभा राहून, कुठल्याशा जर्मन म्हाताऱ्यांना गाडीत बसायची बुद्धी दे, असं मागू लागलो. देवालाही जरा चमत्कारिकच वाटलं असणार.

गज खोडले. खिडक्या सीटपर्यंत खाली आणल्या, पायरी उतरवली, दार रुंद केलं, बाबागाडी आणि सायकल ठेवायला जागा केली. गुडघ्यांना किती जागा लागते हे कागदावर कळेना, म्हणून महबूल्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या खुर्च्या समोरासमोर मांडून मी दोघींना बसवलं आणि टेप घेऊन वाकलो.

"अहो, स्टेशन कुठलं आलं?" बायकोने विचारलं. "भाजी करपतेय. उतरू का?"

"बाबा, तिथे सगळ्यांकडे कार आहे ना?" मुलगी म्हणाली. "देन व्हाय विल दे टेक युवर ट्रेन?"

मी टेप गुंडाळली. नऊ वर्षांच्या पोरीला सुचलं ते मला सुचलं नसतं अशातला भाग नाही. सुचू दिलं नव्हतं.

आमच्या ड्रॉइंगवरून डबा तिकडे तयार झाला. काही महिन्यांनी साहेबांनी फोटो दाखवला. निळा, देखणा डबा स्टेशनात उभा. माझ्या त्या मोठमोठ्या खिडक्यांतून पलीकडचं शेत आरपार दिसत होतं, मधे एकही डोकं नव्हतं. छोट्या खिडक्या ठेवल्या असत्या तर निदान संशयाचा फायदा मिळाला असता.

"सुरुवातीच्या रविवारी गर्दी होती," साहेब म्हणाले. "लोकांनी केक खाल्ला, मुलांचे फोटो काढले आणि कारने घरी गेले."

"आणि कामावर जाणारे?"

"सर, सर करू नकोस," ते म्हणाले, या वेळी मी 'सर' म्हटलंही नसताना. मग हळू आवाजात, "ज्या कारखान्यात ते जात होते, तो बंद पडून किती वर्षं झाली."

म्हणजे पायरी खाली आणली होती ती जायला ठिकाणच न उरलेल्या माणसांसाठी. लाइन बंद झाल्याचा फॅक्स आला त्या दिवशी मुदीरने चहा मागवला आणि मी समजलो. मला काढलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. स्टोअर सांभाळायचं, हुद्दा साधा, कुटुंब ठेवता येणार नाही. राहायला कारखान्यामागची खोली, सोबत कोकणातले पाच वेल्डर.

घरी येऊन हे सांगायला मी वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही नीट आलं नाही. मुलगी आत गृहपाठ करत होती. बायकोने ऐकून घेतलं, गॅस बारीक केला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"तिची वार्षिक परीक्षा होऊ द्या, मग दोन तिकिटं काढा. आणि त्या खोलीत पहिल्याच दिवशी एसीसमोरची कॉट धरा. नाहीतर सगळ्यांना 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत बसाल आणि शेवटी दारात झोपाल."