पक्क्या पावतीचा सायलेन्सर

होळीच्या आदल्या दिवशी आमच्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर गंजून रस्त्यावर पडला. पाडव्याआधीच्या शनिवारी मी नवा बसवला. पाडव्याच्या संध्याकाळी, श्रीखंडाची वाटी हातात असताना, मला सोसायटीची नोटीस मिळाली. या घटनाक्रमास सुटे भाग विकणारा दुकानदार, आमच्या सोसायटीचे सचिव आणि माझी पत्नी, असे तिघे जबाबदार आहेत.

दुकानदाराने दोन सायलेन्सर समोर ठेवले. पहिला साधा, काळा.

"काका, हा घ्या. गाडी मांजरासारखी चालेल. फक्त याचं बिल नाही मिळणार."

"बिल नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही वस्तू अस्तित्वातच नाही."

दुसरा चकचकीत, रुंद तोंडाचा. त्याला पक्की पावती, गॅरंटी कार्ड आणि गोल शिक्का होता.

"पण काका, हा पोरं लावतात हां. आधी आवाज तरी ऐका ना."

"आवाज हा पुरावा नव्हे," असे सांगून मी पावती घडी करून खिशात ठेवली. ग्राहकाला त्याच्या मर्जीविरुद्ध आवाज ऐकवणे हे विक्रेत्याचे कर्तव्य होते. ते त्याने पार पाडले नाही.

मुलुंडच्या आमच्या गल्लीत मोटार शिरली तेव्हा कबुतरे उडाली.

पत्नी मात्र खूश झाली. लायसन्स मिळूनही तिचे घोडे नाहूरच्या पुलाच्या चढावर अडत असे. पुलापलीकडे तिची थोरली बहीण राहते, गुडघ्यांमुळे घरी बसलेली. पत्नी रिक्षाने गेली की बहीण दारातच विचारते, "आलीस? आणि गाडी कुठंय गं?" या प्रश्नाला एकदा तरी खिडकीतून बोट दाखवून उत्तर द्यावे, एवढीच पत्नीची इच्छा होती. मी तिला वेगाच्या काट्यावरून गिअर बदलण्याची पद्धत शिकवली होती. ती काटा पाहत असे, मग रस्ता पाहत असे, तोवर गाडी बंद पडत असे.

पाडव्याच्या सकाळी नव्या सायलेन्सरवर मात्र ती एका दमात पूल चढून गेली आणि पलीकडून वळून परत आली. बहिणीकडे रविवारी जायचे ठरले.

"अहो, काटा कशाला हवा? गाडीच सांगते ना! किंचाळली की वरचा गिअर, घसा दाटला की खालचा."

त्याच संध्याकाळी नोटीस आली. सोसायटीच्या आवारात वाहनाचा कर्कश आवाज करू नये, हा नियम मोटारसायकलवाल्या तरुणांसाठी मीच लिहून दिला होता.

"शब्दही तुमचेच आहेत, काका," सचिव म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हते.

मी नियम मोडणारा माणूस नव्हे. दुसऱ्याच दिवशी मी तो बेकायदेशीर, बिनपावतीचा, शांत सायलेन्सर बसवून घेतला. रविवारी गाडी पुलाच्या पायथ्याशी पुन्हा बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो, मला काही ऐकूच येत नाही. तुम्हीच काढा ना आवाज."

"कसला आवाज?"

"गाडीचा! काढा लवकर, मागचा बसवाला शिव्या घालतोय."

मी काच वर केली आणि घुरघुरलो. मी किंचाळताच तिने दुसरा टाकला, पुन्हा किंचाळताच तिसरा. अर्ध्या चढावर मी घसा दाटून घेतला आणि तिने तत्परतेने खालचा गिअर टाकला. आम्ही पूल ओलांडला. बहिणीला खिडकीशी नेऊन गाडी दाखवण्यात आली. मला गरम पाणी आणि मीठ देण्यात आले.

तेव्हापासून पत्नीचा सराव रोज सकाळी सोसायटीच्या आवारात चालतो. काल मला दुसरी नोटीस मिळाली. तिचे कारण तेच, नियमही तोच.

नियमातील शब्द "वाहनाचा कर्कश आवाज" असे आहेत. माझ्या वाहनाचा आवाज येत नाही, ही तर पत्नीची तक्रार आहे. तेव्हा ज्येष्ठ सदस्याचा घसा हे वाहन आहे काय, याचे उत्तर सचिवांनी येत्या सर्वसाधारण सभेत, सर्वांसमक्ष, उभे राहून द्यावे. मला खाजगीत दिलेले उत्तर चालणार नाही. सभेला पत्नी मला गाडीने आणणार आहे, त्यामुळे आम्ही आल्याचे त्यांना कळेलच.