पेलेत्याच्या फाटकावरची झावळी

पेलेता गावात भांडणात कुणी आवाज चढवला, की लोर्पू शांतपणे म्हणायची, "गप बस. पायाळू होतास तू. मीच ओढून काढलाय तुला." समोरचा मान खाली घाली. निम्म्या गावाला सुईण म्हणून तिनंच जगात आणलं होतं.

इबोला आला तेव्हा श्रीमंत देशांकडून आधी भित्तिपत्रकं आली: हात धुवा. मग एक गोरा आला. गाडीची काच खाली न करता त्यानं फोटो काढले आणि गेला. तिसऱ्यांदा कोण येतंय याची वाट लोर्पूनं पाहिली नाही. वेशीवर दोन काठ्या रोवून तिनं कोवळी झावळी आडवी बांधली. लायबेरियाच्या त्या भागात अशी झावळी बांधली की वाट बंद. ती ओलांडणाऱ्याला त्याची आईसुद्धा ओळख देत नाही. आजाऱ्यांच्या दारांवरही तिनं झावळ्या बांधल्या. भात उंबऱ्याबाहेर ठेवायचा आणि मागं फिरायचं. तिची सख्खी बहीण अशाच एका झावळीपलीकडे वारली. प्रेताला अंघोळ घालायलाही लोर्पू आत गेली नाही. अकरा माणसं दगावली. बारावं दगावलं नाही.

साथ संपून तीन महिने झाले आणि मग दवाखाना आला. वरातीमागून घोडं, तेही सोन्याच्या नालांचं. शंभर खाटा, थंड हवेचे तंबू, सहा परदेशी डॉक्टर आणि रोगी एकही नाही. गावातल्या तीस जणांना कामं मिळाली. रोज धुतलेल्या चादरी पुन्हा धुवायच्या.

"कुणी झोपलंच नाही, तर मळलं काय रे?" लोर्पूनं फाटकावर पहारा करणाऱ्या फ्लोमोला विचारलं.

"नियम आहे मावशी."

"नियमाला घाम येत असेल."

त्याच आठवड्यात बहिणीची पोर, न्यामा, बाळंतपणात अडली. दोन दिवस कळा सोसून झाल्या. लोर्पूनं पोटावर हात फिरवून पाहिला. मूल आडवं होतं. इथं तिचे हात संपत होते. पोट फाडून मूल काढणारं इस्पितळ गाडीनं चार तासांवर, आणि गावात गाडी नाही. झोळी करून चौघांनी न्यामाला दवाखान्याच्या फाटकाशी आणलं.

मुख्य साहेब बाहेर आला. कपड्यांना कडक इस्त्री.

"ताप आहे?"

"नाही. मूल आडवं आहे."

"उलट्या? रक्त?"

"सांगितलं ना, मूल."

"मग नाही घेता येणार. हा दवाखाना फक्त इबोलासाठी आहे."

"सहा डॉक्टर आहेत तुमच्याकडे."

"इबोलाचे."

"शंभर खाटा आहेत."

"पुढच्या साथीसाठी राखीव आहेत."

"म्हणजे जो अजून आजारी पडला नाही त्याला खाट आहे, आणि ही दारात मरतेय तिला नाही. बरं. त्या दोन गाड्या?"

"पाहुण्यांच्या दिमतीला. आमच्या देशाचे मंत्री दुपारी फीत कापणार आहेत. माझा नाइलाज आहे, आई."

"आई म्हणू नकोस. तुला मी काढला असता, तर आठवलं असतं मला."

ती गेली ती कोयता आणि ताडाची कोवळी झावळी घेऊनच आली. फाटकाच्या दोन्ही खांबांना तिनं ती आडवी बांधली.

फ्लोमोचा चेहरा उतरला. "मावशी, माझी नोकरी जाईल."

"मग ओलांड."

फ्लोमो खाली बसला. आतल्या धोबिणींनी बादल्या ठेवल्या. पाहुण्यांचा भात शिजवणाऱ्यांनी चुली विझवल्या. ड्रायव्हरांनी चाव्या काढून बॉनेटवर ठेवल्या.

"काढा ते पान!" साहेब ओरडला. कुणी हललं नाही. "अहो, नुसतं पान आहे ते."

"मग ओढ की," लोर्पू म्हणाली.

त्यानं हात पुढं केला. तीस जण एकटक पाहत होते. हात परत खिशात गेला. त्याच हातानं फोन काढून तो पलीकडच्या कुणाला तरी 'स्थानिक अडचण' समजावत बसला. झोळीत न्यामा कण्हत होती. तेवढ्यात दूर रस्त्यावर मंत्र्यांच्या ताफ्याची धूळ दिसली आणि साहेबाचा नाइलाज एकदम बरा झाला.

"एक गाडी घेऊन जा. लवकर."

पोरीच्या जिवापायी न हललेला नियम फितीपायी हलला. लोर्पूनं झावळी गाडीपुरती उचलली, न्यामाला मागच्या सीटवर निजवून दिलं आणि गाठ पुन्हा आवळली.

"आता तरी सोडा," साहेब म्हणाला.

"पोर सुटल्याचा फोन येऊ दे."

"चार तास? मंत्री उन्हात बसतील?"

"आम्ही वर्षभर बसलो होतो."

मंत्र्यांनी तासभर वाट पाहिली, फीत गाडीत बसल्या बसल्याच कापली, फोटो काढून घेतला आणि ते गेले. उन्हं कलताना फ्लोमोचा फोन वाजला. मुलगी झाली होती. न्यामा शुद्धीवर होती, पाणी मागत होती.

लोर्पूनं झावळी सोडली. साहेब पायरीवर बसला होता. "आता काय उपयोग? कार्यक्रमाचा तर विचका झाला."

"असं करा. दवाखान्यानं आज एक बाई आणि एक मूल वाचवलं, असं तुमच्या देशाला लिहून कळवा."

साहेबानं वही काढली आणि खरंच तसं लिहिलं.