भागाबाईने सासरी धाडलेल्या माद्या

“लाज शे का तुम्हले, डॉक्टरभाऊ? सख्खा भाऊबहीन एकज पिंजरामा!”

भागाबाई कडाडली आणि धुळ्याच्या त्या प्रयोगशाळेचे पत्रे दणाणले. नाटकातल्या राणीने हेवा करावा असा तिचा आवाज.

“माझी इतक्या वर्षांची मेहनत तुम्ही मातीत घातलीत!” डॉक्टर शालिग्रामांनी टेबलावर मूठ आपटली.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. उंदीर दोन वाणांचे, दोन्ही पांढरेशुभ्र. मेंदूची चाळण करणारा प्रायॉन या बिघडलेल्या प्रथिनाचा रोग दोघांनाही सारखाच टोचला, तरी एक वाण लवकर लटपटू लागे आणि दुसरा कितीतरी महिने ठणठणीत हिंडे. रोग तोच, फरक आईबापांकडून आलेल्या एका जनुकाचा, हे डॉक्टरांना सिद्ध करायचं होतं. त्यासाठी वाण शुद्ध हवा, आणि शुद्ध ठेवायला भावाबहिणींचीच जोडी लावायची.

हे काही भागाबाईच्या गळी उतरेना. एका कुळात सोयरीक होत नाही, हे ती पाळण्यात शिकलेली. पिंजरे धुणं, भुसा बदलणं, दाणा घालणं तिच्याकडे. त्या वर्षी आखाजीचा सण सरला, माहेरवाशिणी सासरी परतल्या, तशा तिने माद्याही गुपचूप समोरच्या वाणात ‘सासरी’ धाडल्या.

पिलं झाली, डॉक्टरांनी टोचली. लवकर पडायची ती पडेनात, उशिरा पडायची ती आधीच डोलू लागली; सगळी मधेच कुठेतरी. डॉक्टरांनी टोचायचा अर्क बदलला, टोचायचं काम मदतनीस हिलालकडून काढून घेतलं. शेवटी बाईला विचारलं. तिने अभिमानाने सांगितलं!

“चालत्या व्हा!”

“जास मी! असा पापना घरमा कोन ऱ्हाई?”

आतल्या खोलीत उशिरा पडणाऱ्या वाणाची एकच शुद्ध वीण उरली होती. हिलालने पिंजरा उघडताच परक्या हाताच्या वासाने मादी बिथरली आणि स्वतःचीच पिलं खाऊ लागली. ती संपली की वाण संपला, कामही संपलं.

“भागाबाई!” डॉक्टरांची हाक कसली, किंकाळीच ती.

बाई फाटकातून माघारी फिरली. मादीला ओंजळीत घेऊन पाठीवरून बोट फिरवत राहिली. उरलेली पिलं वाचली.

“यांची जोडी यांच्यातच लावायची,” डॉक्टर दातओठ खात म्हणाले.

“माहीत शे!” ती खेकसली.

पिलं मोठी झाली. भागाबाईने स्वतःच्या हाताने बहीण भावाच्या पिंजऱ्यात सोडली, वर गोणपाट टाकलं आणि डॉक्टरांकडे पाठ करून म्हणाली, “देवनी इचारं, ते तुमनंज नाव सांगसू.”