जपानचा कागद

"माणसानं जगाशी बोलत राहावं, राव," असं ते नेहमी म्हणत आणि बोट वर, माळ्याकडे करत. माळ्यावर तेव्हा कांदे असत.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर ते आणि मी शेजारी बसायचो. पिंपळीतल्या घरात त्यांचं हौशी रेडिओ केंद्र होतं. रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला परवाना देवांच्या तसबिरींशेजारी फ्रेममध्ये होता. अँटेना आधी अंगणात, खांबाजवळून गेली होती. वायरमनने ती वीजचोरीचा आकडा समजून उतरवली. परवाना दाखवला तर म्हणाला, परवाना काढून आकडा टाकणारा पहिलाच बघतोय. मग तांब्याची नवी तार माळ्यावर, कौलांखाली गेली. वहिनींनी तिच्यावर लसणाच्या जुड्या अडकवल्या.

सात महिने जग फलटणच्या पुढे सरकेना.

इकडे वानरं कौलं फोडत होती आणि वहिनींना पत्रे हवे होते. पत्रे पडले की खालची तार बहिरी होते, हे त्यांनी वहिनींना पाटीवर चित्र काढून समजावलं. वहिनींनी विचारलं, आत्ता तिला असं काय ऐकू येतंय? शेवटी तोड निघाली. दिवाळीपर्यंत परदेशातून कुणी उत्तर दिलं तर कौलं राहतील, नाहीतर पत्रे.

दिवाळीला आठवडा असताना, एका रविवारी दुपारी मी तिथंच होतो. खरखरीतून एक बारीक आवाज आला. ते उठून उभे राहिले, टोपी घातली आणि चार मिनिटं इंग्रजीत ओरडले. मग घाम पुसत म्हणाले, "जपान."

वहिनी शेंगा फोडत होत्या. "मला तर कुणीतरी खाकरल्यागत वाटलं. लेखी हाय का काय?"

ते म्हणाले, बोलणं झाल्याची पोच म्हणून कार्ड येतं, पोस्टानं.

"मग येऊ द्या. तवर ऱ्हाऊ द्या कौलं."

काट्यावर रोज कुणीतरी विचारायचं, जपान काय म्हणतंय? ते शांतपणे सांगायचे, "निघालंय."

दुसऱ्या वर्षी, गळीत संपता संपता, ते हृदयविकारानं गेले. वानरं येत राहिली. मी वहिनींना म्हटलं, आता पत्रे टाकून घ्या. त्या म्हणाल्या, "कागद यायचाय न्हवं, भावजी."

पुढच्या वर्षी कागद आला. वहिनींनी वाचायला मला बोलावलं. तारीख, वेळ बरोबर होती. आवाज अत्यंत क्षीण, असा शेरा होता. खाली त्या जपानी माणसानं स्वतःच्या अँटेनेची माहिती दिली होती: तार, माळ्यावर. बायको छपरावर लावू देत नाही.

वहिनींनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग कार्ड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट पाहिलं.

"मंजी हे जिंकले," त्या म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात पत्रे बसले.