भिंतीत बसवलेली माणसं

ट्रकवाला सारखा हॉर्न वाजवत होता आणि बापाच्या दगडापाशी आपली आई बसून होती. मोगी, तू तेव्हा एवढीशी. शेळीची दोरी धरून आधीच ट्रकमध्ये चढलेली. तुला हॉर्न आठवत असेल, पण आई तिथं कशाला बसली होती ते तुला कुणी सांगितलं नसेल.

आपल्याकडे माणूस अकाली गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात, त्यावर घोडेस्वार काढतात आणि तो माणूस तिथं बसला असं मानतात. बापावर झाड पडलं, म्हणून त्याचा दगड. एकदा बसलेल्याला उठवायचं तर घरच्याच माणसानं यायचं, दगडाच्या पायाशी मक्याचे दाणे ठेवायचे, नावानं हाक मारायची, दाणे मुठीत घ्यायचे आणि मागं न बघता चालायचं. धरणाचं पाणी चढत होतं. भरपाईच्या मोजणीला आलेल्या साहेबांनी आंबे धरले, कौलं धरली, दगड मात्र कशातच बसत नाही म्हणाले. आईनं दाणे ठेवले होते. हाक मारायच्या आत पोलिसानं तिला दंडाला धरून उठवलं. "त्याला न बोलावताच निघालो," एवढंच ती ट्रकमध्ये बोलली. पुढं मरेपर्यंत तेच बोलत राहिली.

नव्या वसाहतीत तुम्ही राहिलात, मी लग्न होऊन रायसिंगबरोबर मुंबईला आले. त्याला पाडकामावर घेतलं होतं. संपानंतर बंद पडलेल्या गिरण्या पाडायच्या आणि तिथं टॉवर उभे करायचे. आम्ही डिलाईल रोडच्या एका चाळीत पोटमाळ्यावर राहायचो, खाली घरमालकीण काकी. मालवणकडची. रायसिंग जी गिरणी पाडत होता, त्याच गिरणीत तिचा नवरा साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होता. संपानंतर त्याला परत घेतलं नाही. त्यानं भाजी विकली, कुठं पहारा केला, आणि एके दुपारी गिरणीच्या कुलूप लावलेल्या गेटसमोर बसल्या बसल्या गेला. रायसिंग संध्याकाळी यायचा तो केसांत त्याच गिरणीची धूळ घेऊन. काकी त्याला अंघोळीला गरम पाणी द्यायची. मला तेव्हा लाज वाटायची. आता संताप येतो, की ज्यांनी गिरणी विकली ते कधी कुणाच्या दारात धूळ घेऊन आले नाहीत.

गावी बायकांनी भिंत सारवायची आणि घोडा पुरुषांनी काढायचा, हे तुला ठाऊक आहेच. तो नियम मला कधीच पटला नव्हता. चाळीत अडवायला कुणी नव्हतं. काकीच्या दाराशेजारी मी कडुलिंबाच्या काडीनं मक्याच्या दाण्यांसारखे ठिपके देत घोडे काढले, मोर काढले. गल्लीत फोटो काढत फिरणाऱ्या एका बाईंनी ते पाहिलं. मग कॅनव्हास आले, प्रदर्शनं आली. मी 'ट्रायबल आर्टिस्ट' झाले. गावात मी नुसती सारवणारी होते.

पुढं त्याच गिरणीच्या जागेवरच्या टॉवरमधून बोलावणं आलं. लॉबीची अख्खी भिंत. "मिलची मेमरी हवी," असं त्यांच्या मॅडम म्हणाल्या. मी चाळीतल्या बायकांना विचारलं, तुमच्या गेलेल्या माणसांना तिथं बसवू का? त्या गिरणीपायी गेली ती माणसं अकालीच गेली होती. काकी म्हणाली, "बसव गो. संप अजून कोणी मागे घेतलेलो नाय. बसांदे त्येंका थयच."

बसवताना नाव कुणाच्याही तोंडून आलं तरी चालतं. ते बरं झालं, कारण काकीनं जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, "भिकाजी." मी त्याचा घोडा काढला, पाठीवर त्याला बसवलं आणि काकीला सांगितलं, तुमचा माणूस पोचला. बसलेल्याला कुणी हात लावत नाही, हे मी धरूनच चालले होते. मुंबईत ते कुणाला माहीत नसेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

काही महिन्यांनी मॅडमचा फोन आला, थोडं फिलिंगचं काम आहे म्हणून. जाऊन बघते तर झाडं, हरणं, मोर जागच्या जागी आणि घोडेस्वार होते तिथं क्रीम रंगाचा प्लास्टिक पेंट. राहणाऱ्यांना कुणीतरी सांगितलं होतं की ही मेलेली माणसं आहेत. "घरात शिरताना निगेटिव्ह वाटतं. तिथं अजून मोर टाका ना, तुमचे मोर किती क्यूट असतात," मॅडम हसत म्हणाल्या. मेमरी त्यांनाच हवी होती, फक्त तिच्यात कुणी मेलेलं नको होतं. मी म्हणाले, त्या रंगाखाली माणसं बसली आहेत, त्यांच्या डोक्यावर मी मोर नाचवणार नाही. रंगाचा डबा तिथंच ठेवला आणि चाळीत आले.

काकीला मी झालेलं सांगितलं, बसलेल्याला कसं उठवायचं तेही सांगितलं. तिनं सगळं ऐकलं, घरातला मका मागितला आणि नेसतं लुगडं बदललं. लॉबीत वॉचमननं अडवलं, "मावशी, कामवाल्यांची लिफ्ट मागून आहे." काकी म्हणाली, "लिफ्ट घाल चुलीत. माझो घोव तुमच्या भिंतीत आसा. तेका न्हेवक इलंय."

त्या क्रीम भिंतीच्या पायाशी तिनं दाणे ठेवले. मग माझ्या ध्यानात आलं, आता नाव घ्यायला शेजारणीचं तोंड चालणार नाही. काकीलाही ते कळलं. मॅडम कुणाला तरी फोन लावत होत्या. काकीनं डोक्यावरचा पदर सावरला. मग गिरणीच्या भोंग्यातूनही ऐकू जावं इतक्या मोठ्यांदा म्हणाली, "भिकाजी, चल घराक." आणि दाणे मुठीत घेऊन सरळ बाहेर पडली. मागं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायका गेल्या, त्यांनाही कुणाला अडवता आलं नाही.

भिकाजी आता काकीच्या दाराशेजारी आहे, मीच काढला. चाळही पाडायची आहे म्हणतात. पाडू देत, काकीला आता नाव घेता येतं. मला लोक विचारतात, तुमचं घर कुठलं? डोंगरातलं म्हणावं तर तिथं पाणी आहे, मुंबईतलं म्हणावं तर नोटीस लागली आहे. आपल्या माणसाला हाक मारून सोबत घेता येईल, तेवढ्यालाच मी घर म्हणते.

आपल्या बापाला त्यांनी पाण्याखाली बसवून ठेवलं आहे, मोगी, आणि हाक मारायला आता आपण दोघीच उरलो आहोत. मी येते आहे. तू मका घेऊन काठावर ये.